दिवाळी ते मृग



रानातले प्राणी हिवाळा कसा काढतात, या विषयाशी वीटभट्टी मजुरांची संघटना करणाऱ्या माणसाचा काय संबंध, असे एका स्नेह्याने मला विचारले. शाळा मी लवकर सोडली. जे शिकलो ते उसन्या पुस्तकांतून आणि भट्ट्यांवर हिंडून. संबंध तेथेच सापडला.

पुस्तकांतला हिवाळा बर्फाचा. हिमालयातला मार्मोट अंगावर चरबी चढवून बिळात शिरतो आणि बर्फ वितळू लागल्यावर बाहेर येतो. शहापूर-मुरबाडला बर्फ कुठला? उलट उत्तरेकडचा धोबी पक्षी हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. आपली कसोटी वेगळी आहे. दिवाळीनंतर ओल आटू लागते, थंडीमागून वैशाख येतो, आणि मृगापर्यंत भरवशाचा पाऊस नाही. आपल्या रानाचा खरा हिवाळा जूनमध्ये संपतो म्हणा ना!

ज्यांना पाय आहेत ते पाण्यामागे जातात. भेकर चैत्रात पहाटे मोहाखाली फुले वेचते. भीमाशंकरच्या बाजूचा शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. झाडावरून झाडावर जाऊन फळ शोधतो. उंबर तर भर उन्हाळ्यातही पुष्कळांचे पोट भरतो.

पण ज्यांना लांब जाता येत नाही, त्यांचे काय? भातखाचरातला मोठा बेडूक मऊ मातीत मागच्या पायांनी उकरत खाली जातो. पोटात चरबीच्या पिवळ्या लोळ्या साठवलेल्या असतात. त्यांवर महिने काढायचे. हृदय मंद होते, ओलसर कातडीतून थोडा श्वास चालतो. मुठा खेकडा बिळात खोल ओलीपाशी बसतो. गोगलगाय शिंपल्याच्या तोंडावर पातळ पडदा धरते. शास्त्रज्ञ याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. निद्रा हा शब्द मला फारसा पटत नाही. संप लांबला की मजुराचे घर जसे चालते, तसे हे आहे : आवक बंद, म्हणून खर्च होईल तितका कमी. फक्त बसायला जागा हवी, आणि ती कोणी उकरू नये.

इथेच आमच्या भट्ट्या येतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडे विटा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुक्काम तोच, दिवाळी ते मृग. आणि विटांना लागणारी माती पुष्कळदा भातखाचरांतूनच काढली जाते. कुदळीखाली कधी कधी सुस्त बेडूक निघतो. कडक उन्हात त्याचे कातडे सुकते. महिन्यांची काटकसर एका घावात संपते. घाव घालणाऱ्याला दोष देऊ नका. तोही उचल फेडण्यासाठीच खणत असतो. माती विकणाऱ्या शेतकऱ्यालाही रोकड हवी असते. पण भातावरचे किडे खाणारा फुकटचा राखणदार मातीच्या गाडीबरोबर गेला, हे हिशेबाच्या कोणत्याच वहीत येत नाही.

फाल्गुनातला वणवाही हेच करतो. पालापाचोळा जळतो, आणि त्याखालची सावली व ओलही जाते.

मृगाची पहिली मोठी सर आली की खाचरांत बेडकांचा गदारोळ सुरू होतो. नर हळदीसारखे पिवळे दिसतात. मुठेही बाहेर येतात. भट्टीवरून परतलेल्या घरात पहिले कालवण बहुधा त्यांचेच असते. पोरे फडकी आणि टोपली घेऊन अंधारात निघतात. कोणत्या खाचराची माती विकली गेली, हे त्यांना ठाऊक असते. तिकडे ती फिरकत नाहीत.