गैरहजर उपकरणांची झोंप

संगणकाच्या कार्यप्रणालीकडे जीं अनेक कामें असतात, त्यांपैकीं वीज वांचविण्याचें काम दिसावयास सोपें आहे. रिकामें उपकरण निजवावें, गरज पडतांच उठवावें. पण जें उपकरण जागेवरच नाहीं, त्यास निजवावें कसें आणि उठवावें कसें? प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाहीं.

लिनक्सचेंच उदाहरण घेऊं. यंत्र चालूं असतां एकेक उपकरण निजविण्याची व्यवस्था तिच्या २.६.३२ ह्या आवृत्तींत, म्हणजे २००९ सालीं, आली. उपकरण वापरावयास घेतलें कीं त्याच्या नांवें एक आंकडा वाढतो, सोडलें कीं उतरतो. तो शून्यावर आला म्हणजे निजावयास मोकळीक. शिवाय लेंकरूं जागें असेतों आईला झोंप नाहीं, तसें जोडलेलें उपकरण जागें असेतों, ज्याला तें जोडलें त्यालाहि निजतां येत नाहीं. आतां तें लेंकरूंच कोणीं उपटून नेलें, आणि हिशेबांत मात्र तें जागेंच राहिलें, तर आई जन्मभर जागी! म्हणून नोंद पुसतांना लिनक्स गेलेल्या उपकरणास कागदोपत्रीं निजलेलें ठरविते. लबाडी खरी, परंतु उपकारक.

याहून कठीण गोष्ट अशी, कीं गेला कोण आणि निजला कोण हें ओळखावयाचें कसें? पीसीआय वाहिनीवर नसलेल्या उपकरणास कांहीं विचारलें असतां निव्वळ शांतता मिळत नाहीं. ३२ बिटांचें उत्तर येतें, व त्यांतील प्रत्येक बिट १ असतो. 'सर्व एक' हा क्रमांक कोणाहि निर्मात्यास दिलेला नाहीं, म्हणून जागा रिकामी आहे असें समजावयाचें. परंतु वीज पार तोडून निजविलेल्या उपकरणाच्या बाबतींतहि नेमकें हेंच उत्तर येतें. दार ठोठावणाऱ्यास आंत गाढ झोंपलेला आणि परगांवीं गेलेला दोघे सारखेच. म्हणून आधीं वीज द्यावयाची, पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाप्रमाणें निदान १०० मिलिसेकंद थांबावयाचें, मग विचारावयाचें. हें न जाणणारा ड्रायव्हर 'मी कामांत आहें' ही खूण मावळण्याची वाट पाहत बसतो. पण सगळेच बिट १, तेव्हां ती मावळणार कधीं? संगणक गोठतो.

खरें नुकसान मात्र यूएसबीच्या पेनड्राइव्हांत होतें. लॅपटॉप निजला असतां यूएसबीची वीज तुटली, तर जागें होतांना पेनड्राइव्ह उपटून पुन्हां लावल्यासारखा दिसतो, आणि त्यावरील उघड्या फायली अर्धवट राहतात. तें टाळण्यासाठीं लिनक्स निर्मात्याचा व वस्तूचा क्रमांक, आणि असल्यास अनुक्रमांक, ताडून पाहते. जुळले तर 'हा तोच' असें मानून पूर्वीचें काम पुढें चालविते. आतां मधल्या वेळांत कोणीं त्याच बनावटीचा, अनुक्रमांक नसलेला दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर पहिल्याची नोंदवही दुसऱ्यावर लिहिली जाण्याचा व त्यावरील सारा मजकूर नासण्याचा संभव असतो. कार्डरीडरची स्थिति याहून वाईट: उपकरण तेंच, क्रमांक तेच, आंतील कार्ड तेवढें बदललेलें.