लाइम आजार: आधी डबा, मग यादी

लाइम हा काळ्या पायांच्या गोचिडीच्या चाव्यातून होणारा जीवाणूंचा आजार आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम गावाच्या परिसरात 1975 च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले आणि त्या गावाचं नाव आजाराला मिळालं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात अंगणामागच्या झुडपातही ही गोचीड सापडते, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांना हा विषय नवा नाही. आजार वेळेत ओळखला आणि 10 ते 14 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं की बहुतेक रुग्ण बरे होतात. सुमारे 5 ते 10 टक्के रुग्णांची थकवा, अंगदुखी आणि डोकं जड राहण्याची तक्रार मात्र उपचारानंतरही सहा महिन्यांहून अधिक टिकते. वैद्यकशास्त्रात याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. बोलण्यात ‘क्रॉनिक लाइम’ हा शब्द रुळला आहे, आणि त्याखाली निदान पक्कं नसलेली दुखणीही येतात. घरात सप्लिमेंटच्या बाटल्या शिरतात त्या याच टप्प्यावर.

एकदा शिरल्या की त्या वाढतच जातात. विमा कंपनी डॉक्टरांचे आणि तपासण्यांचे बरेचसे पैसे देते. वनौषधी आणि जीवनसत्त्वांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो, आणि तोही दरमहा. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा ठरतो. घर चालवणारं माणूस महिन्याचं वाणसामान भरतं तेव्हा यादी लिहिण्याआधी डबे उघडून पाहतं. तूरडाळ किती उरली, तेल किती, गूळ आहे की संपला, हे बघून मगच यादी होते. डबे न उघडता यादी केली की घरात चार किलो साखर येते आणि मीठ नसतं. लाइमच्या रुग्णाच्या घरी नेमकं हेच घडत असतं. आधी डबा, मग यादी, एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी बरेच पैसे वाचतात.

यादीची पहिली ओळ मूळ उपचाराची. तो पूर्ण झाला आहे ना, हे आधी पाहायचं. गुडघा सुजलेला असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर तो वनौषधींचा प्रांत नाही. लाइमच्या सांधेदुखीला तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकचा 28 दिवसांचा उपचार ठरलेला आहे. हीच गोचीड बाबेसिया नावाच्या परजीवीचा दुसराही रोग देते. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी लागते. शिवाय गोचीड पुन्हा चावली तर लाइम पुन्हा होऊ शकतो. या शंका फिटल्याशिवाय बाटली विकत घेणं म्हणजे घरात धान्य आहे का ते न पाहता मसाले आणणं.

मूळ उपचार झाल्यावर महिनोन् महिने अँटिबायोटिक चालू ठेवण्यातही पैसा ओतू नये. 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 दिवस शिरेतून आणि पुढे 60 दिवस तोंडाने औषध देण्यात आलं. औषध घेणारे जितके सुधारले, जवळपास तितकेच नुसती निष्क्रिय गोळी घेणारेही सुधारले. नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही 12 आठवड्यांच्या जादा औषधाने फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी कळतात. लांबलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग नाही, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: काही रुग्ण काळाबरोबर आपोआप सुधारत असतात. त्या काळात जी बाटली घरात असेल, तिला श्रेय मिळतं.

तपासण्यांमध्येही पैसे वाया जातात. लाइमच्या रक्तचाचणीत अँटिबॉडी मोजतात, जीवाणू नाही. उपचार यशस्वी झाल्यावरही या अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. म्हणून ‘अजून पॉझिटिव्ह आहे का’ हे पाहायला दर काही महिन्यांनी तीच चाचणी करून काही कळत नाही. शास्त्रीय कसोटीवर न उतरलेल्या खासगी चाचण्यांचे शेकडो डॉलर तर यादीतून सरळ खोडून टाकावेत.

दुसरी ओळ म्हणजे प्रत्यक्ष डबे उघडणं. बी-12, ड जीवनसत्त्व, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड, रक्तातली साखर आणि साधी रक्तगणना एवढ्या तपासण्या बऱ्याचदा विम्यातून होतात. शाकाहारी मराठी घरांत बी-12 ची कमतरता नेहमी सापडते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. तिची लक्षणं कोणती? थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. लाइमनंतर जी तक्रार असते, बरीचशी तीच. ड जीवनसत्त्व कमी पडलं की अंग दुखतं, थायरॉइड मंदावलं की माणूस गळून जातो. कमतरता निघाली तर ती भरून काढणारी गोळी या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची असते. कमतरता नसेल तर ती ओळ यादीतून गेली, तेवढे पैसे वाचले. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं हेही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण सकाळी उठल्यावर जाणवणाऱ्या थकव्याचं मूळ कधी कधी तिथे असतं.

डबा भरलेला असताना वर आणखी ओतण्याचे परिणाम वाईट होतात. बी-6 चंच पाहावं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 1.3 मिलिग्रॅम पुरतं. ‘बी-50’ नावाच्या बी-कॉम्प्लेक्सच्या एका गोळीत 50 मिलिग्रॅम असतं. शेजारी मज्जातंतूंसाठी घेतलेली बाटली असते, तिच्यातही बी-6. मॅग्नेशियमच्या काही गोळ्यांत तेच मिसळलेलं असतं आणि थकवा घालवणाऱ्या पावडरीतही. चार लेबलांवरचे आकडे कागदावर मांडून बेरीज केली तर ती अमेरिकेत ठरलेल्या 100 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेवर सहज जाते. युरोपीय संघाच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ही मर्यादा अवघी 12 मिलिग्रॅम ठरवली. बी-6 दीर्घकाळ जास्त झालं की मज्जातंतूंना इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात. मग त्या मुंग्या लाइमच्या समजून पाचवी बाटली येते. म्हणून पुन्हा सांगायचं: आधी डबा, मग यादी.

तिसरी ओळ बिनपैशांची आहे आणि म्हणूनच सगळ्यांत आधी विसरली जाते. ठरलेल्या वेळी झोप, पोटभर साधं जेवण, त्यात पुरेशी डाळ-उसळ, आणि दमण्याआधी थांबण्याची शिस्त. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढायचे, हा क्रम मोडावा लागतो. चालणं थोडं थोडं वाढवायचं, तेही दुसऱ्या दिवशी त्रास वाढत नसेल तरच. इथे बाटली नाही, त्यामुळे जाहिरातही नाही.

या तीन ओळी झाल्यावर उरलेल्या पैशांत वनौषधी. त्यांच्याविषयीचा मुख्य पुरावा प्रयोगशाळेतला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काचपात्रातल्या बोरेलिया या लाइमच्या जीवाणूंवर अनेक अर्क वापरून पाहिले, त्यांतले सात परिणामकारक निघाले: घानामध्ये मलेरियावर वापरतात ती क्रिप्टोलेपिस, काळा अक्रोड, जपानी नॉटवीड, आर्टेमिसिया ॲन्युआ, कॅट्स क्लॉ, सिस्टस आणि चिनी स्कलकॅप. त्यातही क्रिप्टोलेपिस आणि नॉटवीड ठळक. याच अभ्यासात कोलॉइडल सिल्व्हर, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क, स्टीव्हिया आणि मोनोलॉरिन यांचा परिणाम नगण्य किंवा शून्य आढळला. कालमेघही त्यांच्यातच होता. कोकण-गोव्यात तापावर ज्याचा कडू काढा देतात तो हा किराईत. स्टीफन बुनर या अमेरिकी लेखकाने 2005 मध्ये लाइमवरच्या पुस्तकात सुचवलेल्या औषधयोजनेत कालमेघ मुख्य औषधांपैकी एक होता, त्यामुळे आजही पुष्कळ घरांत त्याच्या बाटल्या आहेत.

काचपात्रात जीवाणू मेला म्हणजे माणूस बरा झाला, असं नाही. पोटातून रक्तात तो अर्क किती पोचतो, सुजलेल्या गुडघ्यापर्यंत किती, यकृत त्याचं काय करतं, हे काचपात्रातून कळत नाही. लाइमनंतरची लक्षणं कोणत्याही वनौषधीने हटतात असं दाखवणारी माणसांवरची भक्कम चाचणी नाही. ज्याला तरीही करून पाहायचं आहे, त्याने डॉक्टरांना सांगून एका वेळी एकच वनस्पती घ्यावी. दुकानदार ‘स्कीम’ म्हणून सहा पाकिटं एकत्र बांधून देतो, ती घेऊ नयेत. सहा एकदम सुरू केल्या तर फायदा कुणाचा आणि पुरळ कुणामुळे उठलं, हे कधीच कळणार नाही. सुरुवात सर्वांत लहान बाटलीने. वहीत रोज तीन आकडे: झोप, दुखणं, दिवसभरात जमलेलं काम. सहा ते आठ आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर ती बाटली बंद, दुसरी आणायची नाही. वाण्याकडचा नवा तांदूळही आधी किलोभर आणून शिजवून पाहतात, पोतं उचलत नाहीत.

‘त्रास वाढतोय म्हणजे जीवाणू मरतायत’ हे वाक्य अशा घरांत फार ऐकू येतं. अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या दिवसभरात थंडी-ताप येण्याची प्रतिक्रिया खरी आहे आणि ती लवकर ओसरते. महिनाभर मळमळ, खाज, गडद लघवी हा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. तेव्हा बाटली बंद करून यकृताची तपासणी करावी. हळदीचे आणि अश्वगंधेचे तीव्र अर्क घेतल्यावर, तसंच आर्टेमिसिया ॲन्युआतलं आर्टेमिसिनिन असलेली सप्लिमेंट घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीचा इथे संबंध नाही. अश्वगंधा थायरॉइडची पातळीही वाढवू शकते.

लेबल वाचणं हेही काटकसरीचंच काम. 1994 च्या अमेरिकी कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते गुणकारी असल्याचं अन्न व औषध प्रशासनाला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. मात्र रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, म्हणून लेबलवर रोगाचं नाव नसतं, ‘प्रतिकारशक्तीला आधार’ असं मोघम काहीतरी असतं. बाटलीत 90 कॅप्सूल दिसतात, पण बारीक अक्षरांत ‘एका वेळी 3’ असं लिहिलेलं असलं की तीन महिन्यांची वाटलेली बाटली एका महिन्यात संपते. किंमत दिवसाच्या हिशेबाने काढावी. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर एकूण वजन कळतं, कोणती वनस्पती किती हे कळत नाही. अशी बाटली खाली ठेवावी. यूएसपी किंवा एनएसएफची खूण असेल तर आत काय आहे याची निदान स्वतंत्र तपासणी झालेली असते.

सुटकेसमधून भारतातून आणलेल्या औषधांनाही हाच नियम. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. धातू घातलेल्या रसौषधींत हे प्रमाण जास्त होतं. शिशाच्या विषबाधेतही थकवा आणि मज्जातंतूंचा त्रास होतो. कोलॉइडल सिल्व्हरने कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. शिरेतून दिली जाणारी जीवनसत्त्वं आणि विषं काढण्याचा दावा करणारे ‘डिटॉक्स’ संच, या ओळींना तर यादीत जागाच नको.

शेवटची ओळ सुरक्षिततेची. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि झिंक डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात. त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं, नाहीतर मूळ औषधच फुकट जातं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅट्स क्लॉ आणि नॉटवीड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदर स्त्रीने यातलं काहीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात आणि टेबलावर मांडून दाखवाव्यात. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली बाटली सर्वांत महाग पडते.