भोपळा, मुखवटा आणि खिरापत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीची बोर्डाची पहिली परीक्षा आपल्या वर्षाने दिली. तेव्हा सरकारने आपल्यावर प्रयोग केला, आता नातवंडं करतात. संयोजक म्हणाले, "नातवंडांविषयी काहीतरी बोल." म्हणून मी विषय घेतला आहे हॅलोविनचा. हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं परदेशात आहेत, काहींची पुण्या-बंगळुरात. 31 ऑक्टोबरला व्हिडिओ कॉल लावला की समोर एक छोटा सांगाडा उभा राहतो. आपण म्हणतो, "अगं बाई, हे काय अभद्र!" पोर हिरमुसतं आणि फोन आईकडे देतं. वर्षात मोजून काही वेळा होणारं बोलणं तिथंच संपतं. ते संपू नये, एवढ्यासाठी आज उभी आहे.

पहिली गोष्ट, आष्ट्याच्या माणसाने मुखवट्याला नावं ठेवू नयेत. पावसाळ्याच्या सुरवातीला आपल्या गावात चौंडेश्वरीची भावई होते. मुखवटे घातलेल्या जोगण्या, दैत्यांशी लढाई, वाद्यांचा गजर, हे सगळं आपण लहानपणी बघितलेलं आहे. भीतीने आईच्या पदरामागे लपलो आणि तिथूनच डोकावून बघितलं. भीती वाटते आणि बघायचंही असतं, ही गंमत आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवलेली नाही.

हॅलोविनचं मूळही काही वावगं नाही. ख्रिस्ती लोकांत 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि 2 नोव्हेंबर हा गेलेल्या माणसांच्या स्मरणाचा. त्यांची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. त्याच्याही आधी आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून थंडी सुरू होताना सण असे. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात, असं लोक मानत. आपण सर्वपित्री अमावास्येला कावळ्याला घास ठेवतो, तो आणखी वेगळा काय? आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक 19 व्या शतकात अमेरिकेत गेले, तिथं त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. दृष्ट लागू नये म्हणून आपण दारात कोहळा टांगतो, ते दारात भोपळा ठेवतात.

2024 साली तर आपली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच आली होती. मी लेकीकडे न्यू जर्सीत होते. सकाळी नातवाला उटणं लावून न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी त्यानेच तोंडाला काळा रंग फासून घेतला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी होती, इतिहासात पहिल्यांदा. त्यांनी आपला सण घेतला. मग आपणही जरा हात मोकळा सोडावा.

आता घरात काय करता येईल, ते सांगते. सगळं मी करून बघितलेलं आहे.

मुखवटा विकत आणू नका. पुठ्ठा, खळ, जुनी वर्तमानपत्रं पुरतात. नातू मुखवटा करत असताना त्याला भावईची गोष्ट सांगा. माझा नातू आधी दैत्य झाला, मग म्हणाला, "आजी, जोगणी जिंकते ना? मग मी जोगणी." लांब असाल तर हे फोनवरही जमतं. तो तिकडे कापतो, आपण इकडे सांगतो.

भोपळा कोरला की आतला गर टाकू नका. त्याचे गूळ घालून घारगे करा, बिया धुऊन, वाळवून भाजा. मात्र तिकडचा कोरायचा मोठा भोपळा दोरेदार आणि बेचव असतो. घारग्यांसाठी छोटा, गोड भोपळा वेगळा आणायला सांगा. आत दिवा सेलचा ठेवा, पोरांचे कपडे झुळझुळीत असतात.

दारी येणाऱ्या मुलांना नुसती चॉकलेटं वाटण्यापेक्षा हादग्याची खिरापत आठवा. डबा झाकून ठेवायचा, "तिखट की गोड? गोल की चपटं?" असं विचारत ओळखायचं. घरच्या आणि मित्रांच्या मुलांत हा खेळ इतका रंगला, की पोरं पुढच्या दाराला जाईनात. पण परक्या मुलांना शेंगदाण्याची चिक्की देऊ नका. तिकडे पुष्कळ मुलांना शेंगदाणा सोसत नाही, जिवावर बेततं. त्यांना बंद पाकिटातलंच द्यावं.

मग भुताच्या गोष्टी. जरूर सांगा, पण अर्ध्यावर सोडू नका. चकवा सांगितलात तर हेही सांगा, की अंधारात खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चाललोय असं समजत गोल फिरतो. रात्रभर उसाच्या बांधांवर हिंडणाऱ्याला भुताने धरलेलं नसतं. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. त्यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1945 चा, म्हणजे हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशीचा. रात्री भुताची गोष्ट आणि सकाळी दाभोलकरांची, असा जोड मला फार आवडतो. अगदी लहान मूल घाबरत असेल, तर मुखवटा काढून आपला चेहरा दाखवा. "बघ, आजीच आहे." भीती घालवायची ती अशी.

शेवटचं. त्या संध्याकाळी आम्ही एक पणती वेगळी लावतो. ज्याला आठवेल त्याने गेलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची, रडकी नाही, हसवणारी. नातवाने पणजोबांना कधी बघितलं नाही, पण ते सायकलवरून दुधाच्या किटलीसकट ओढ्यात पडले होते, हे त्याला पाठ आहे. आता पणजोबा म्हणजे त्याला भिंतीवरचा फोटो नाही.

आज आपल्या यादीत काही नावांपुढे फोन नंबर नाहीत. ज्या बाकांवर आपण तिघं तिघं बसलो, तिथं आता एक-दोनच उरलोत. ज्या गुरुजनांनी आपल्याला घडवलं, त्यांतलेही बरेच गेले. त्यांच्या गोष्टी आता फक्त आपल्याकडे आहेत. आपण सांगितल्या नाहीत तर त्या आपल्याबरोबर जातील. नातवंडांना गोष्ट हवीच असते. ती हॅलोविनला मागोत की दिवाळीला, भोपळ्याच्या उजेडात मागोत की पणतीच्या, तुम्ही सांगा.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, शाळेत असताना मागच्या बाकावरचे ऐकत नव्हते.