खिशातला कॅमेरा घेताना



आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. खांद्यावर पट्टा लावून मिरवायच्या मोठ्या कॅमेऱ्याबद्दल नाही, तर छोट्या पण चांगल्यापैकी महाग कॅमेऱ्याबद्दल. लेन्स बदलता येत नाही, कोटाच्या खिशात किंवा पर्समध्ये मावतो, आणि फोटोची खरी आवड असलेल्यांसाठीच बनवलेला असतो तो. दिवाळी जवळ आली की कुणीतरी हमखास विचारतं, "कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "घरात दिवे कसले आहेत?" समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय.

सहा वर्षांपूर्वी बाबांची पंचाहत्तरी आम्ही इथेच, इंग्लंडमध्ये, भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये केली. ताटात पंचाहत्तर दिवे लावले आणि हॉलमधले दिवे मालवले. फायर अलार्म वाजू नये एवढीच सगळ्यांना धास्ती. बहीण ओवाळायला लागली, आणि मी मागच्या रांगेतून माझा नवाकोरा, तीसपट झूमचा कॅमेरा ताणला. पहिले सगळे फोटो हललेले आले. मग फ्लॅश आपोआप उडाला. बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि दिवे असून नसल्यासारखे. बाबा त्यानंतर इकडे आले नाहीत, आणि आता येणारही नाहीत. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मी दुकानात झूमचा आकडा बघितला होता, लेन्सवर लिहिलेला दुसरा आकडा बघितलाच नव्हता.

तो दुसरा आकडा म्हणजे एफ क्रमांक. लेन्सचं छिद्र किती मोठं उघडतं ते तो सांगतो, आणि गंमत म्हणजे आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ १.८ ला एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. माझा कॅमेरा पूर्ण झूम केल्यावर ५.६ वर जात होता. म्हणजे दिव्यांच्या उजेडातला नऊ दशांश भाग मी स्वतःच्या हाताने बाहेर ठेवला होता.

म्हणून नवीन मॉडेल ते चांगलं, असं धरून चालू नका. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेचंच उदाहरण घ्या. मार्क थ्री ते मार्क फाइव्ह या कॅमेऱ्यांची लेन्स २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८ आहे. सिक्स आणि सेव्हनला झूम थेट २०० पर्यंत गेला, पण लेन्स २.८ ते ४.५ झाली. शाळेच्या मैदानावर मुलाचा फुटबॉल टिपायचा तर सेव्हन घ्या. पण घरातलं औक्षण टिपायचं असेल तर जुना फाइव्ह माझ्या मते सरस, आणि सेकंडहँड घेतला तर स्वस्तही. त्याच जातीचा कॅननचा जी ७ एक्स मार्क थ्री २४ ते १००, एफ १.८ ते २.८ आहे. मात्र त्याला डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नाही. चाळिशी लागलेल्यांनी हे मनावर घ्यावं. पडदा बघायला चष्मा चढवेपर्यंत नातवाचं हसू संपतं. व्ह्यूफाइंडरला सहसा आपल्या नंबरप्रमाणे फिरवायची छोटी चकती असते.

आता सेन्सर. या छोट्या कॅमेऱ्यांवर 'एक इंची' असं लिहिलेलं असतं, पण तो कुठल्याच बाजूने एक इंच नसतो. १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या वरचा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळाने तिप्पट. अंधारात फोटो कमी रवाळ येतो तो त्यामुळे. पण मग झूम सोडावा लागतो. हा सौदा अनेकांना पटत नाही, मला पटला.

या वर्गात दोन नावं प्रामुख्याने घेतली जातात. रिको जीआर थ्री अवघा २५७ ग्रॅमचा, पँटच्या खिशात जातो. पण लेन्स २८ मिलिमीटरची, एफ २.८. इतकी रुंद लेन्स घेऊन आजीच्या चेहऱ्याजवळ गेलात तर नाक मोठं येतं आणि आजी रागावते. माणसांचे फोटो काढणाऱ्यांसाठी त्याचाच भाऊ थ्री एक्स बरा, तो ४० चा आहे. दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, आणि एका बॅटरीत साधारण २०० फोटो निघतात. दुसरी बॅटरी घ्याच. दुसरं नाव फुजिफिल्मचा एक्स १०० सिक्स. तो ३५ मिलिमीटरचा, एफ २, सुरेख व्ह्यूफाइंडर असलेला. पण ५२१ ग्रॅम वजन, म्हणजे खिशाचा विचार सोडा. २०२४ मध्ये आला तेव्हा इथली किंमत १५९९ पौंड होती.

दुकानदार 'स्टॅबिलायझेशन' हा शब्द फार प्रेमाने उच्चारतो. त्याने आपला थरथरणारा हात सावरला जातो, पळणारं पोर नाही. पोरासाठी सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागतं, आणि त्याला उजेडच हवा. पुन्हा तोच एफ क्रमांक.

पैसे मोजण्याआधी एक करा. गेल्या वर्षभरातले फोनवरचे आवडते पन्नास फोटो काढून बघा. घरातले किती, बाहेरचे किती? कितींत झूम केलाय? माझ्या पन्नासांत झूमचे चार निघाले, आणि त्यातले तीन बदकांचे.

सेकंडहँड घेणार असाल तर आपलं मेमरी कार्ड बरोबर न्या. एफ ११ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी पुसता येत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून सौदा महाग पडतो.

मी शेवटी जीआर थ्री एक्स घेतला. फुजी दोनदा हातात घेऊन परत ठेवला. छान होता, पण मी तो रोज बरोबर नेला नसता. २.८ ची लेन्स औक्षणाला तोकडी पडेल, ही धाकधूक होतीच. म्हणून परवा रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून, एक समई लावून बायकोला समोर बसवलं. तिसऱ्या फोटोला ती वैतागली, पण तिच्या कपाळावरचा समईचा उजेड जसा दिसत होता तसा आला.

आई दिवाळीला येतेय. बॅटऱ्या दोन्ही चार्ज करून ठेवल्या आहेत.