दुसरी किल्ली वेळेवर करा

बऱ्याच मोटारींच्या किल्लीच्या मुठीत बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत कळवते. तो जुळला नाही, तर इंजिन चालत नाही. म्हणूनच नुसती घासून केलेली किल्ली दार उघडते, पण गाडी सुरू करत नाही. युरोपात १९९८ साली नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली.

एक किल्ली हरवली, तर दुसरी हाती आहे तोवरच नवी करून घ्या. दोन्ही गेल्या, की खर्च बराच वाढतो. हरवलेल्या किल्लीचा संकेतही पुसून घ्या, नाहीतर ती ज्याला सापडेल त्याला गाडी मोकळीच. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनीही त्या मागते.