बकेट ट्रक निवडताना

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या डोंगराळ भागात खांबावर वायरलेस अँटेना बसवायची, तर माणसांना उंचावर नेणारा बकेट ट्रक कसा निवडावा?

नुसत्या उंचीवर जाऊ नका. माहितीपत्रकातली ‘कामाची उंची’ बकेटच्या तळापेक्षा साधारण २ मीटर जास्त धरलेली असते. गाडी खांबाला भिडवता येणार नसेल, तर बूमची, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताची, आडवी पोहोच तपासा. माणसं, हत्यारं आणि अँटेना यांचं एकूण वजन बकेटच्या क्षमतेत बसायला हवं. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर विद्युतरोधक बूमच घ्या. तरीही लाइन बंद करून घ्याच. पावसात खाचराकडेची माती खचते, म्हणून जॅकखाली रुंद फळ्या द्या. आणि सेफ्टी बेल्ट अडकवल्याशिवाय बकेट वर न्यायची नाही!