दारचे कुत्रे आणि वाटेचा माणूस



तिसरीतली एक मुलगी. रोज वेळेवर शाळेत यायची, ती एकाएकी उशिरा येऊ लागली. गुरुजींनी दोन दिवस रागावून पाहिले, तिसऱ्या दिवशी जवळ बसवून विचारले. तेव्हा कळले, की वाटेवरच्या वस्तीवर नवे कुत्रे आणले आहे आणि त्याच्या भीतीने पोर ओढ्यातून वळसा घालून येते आहे. गुरुजी मालकाकडे गेले. मालक हसून म्हणाले, "अहो गुरुजी, नुसतं अंगावर येतं ते. आजवर चावलंय का कुणाला?"

पाहा, किती सहज विचारले! पण चावणाऱ्या प्रत्येक कुत्र्याबद्दल आदल्या दिवशीपर्यंत हेच म्हणता आले असते.

कुत्र्याशी आपले वैर नाही. ते खळे राखते, मेंढरांचा वाडा राखते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. पण तूप-भाकरी घातली म्हणजे मालकाचे काम संपले असे नाही. राखणीचे कुत्रे रात्री मोकळे सोडायचे असेल, तर ते कुंपणाच्या आत. दिवसा माणसांची ये-जा असेल तेव्हा ते बांधलेले हवे. मात्र जन्मभर आखूड साखळीला जखडू नका, अशाने जनावर जास्तच चिडखोर होते. लहानपणापासून त्याला माणसांची सवय लावा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचत राहा.

कायदाही हेच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 291व्या कलमाप्रमाणे, पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता वाटेने जाणाऱ्याने काय करावे? गुरुजनहो, हे मुलांकडून वर्गात करवूनच घ्या. कुत्रे अंगावर आले, तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभावच आहे. ओरडू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. हात अंगालगत ठेवून झाडासारखे उभे राहा आणि ते थांबले, की पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. सायकल असेल तर उतरा आणि ती मध्ये धरा. दप्तर, छत्री, काठी, जे हाती असेल ते कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये आडवे धरा. खाली पडलातच, तर अंगाचे मुटकुळे करा आणि दोन्ही हातांनी मान व कान झाका. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नका. आणि गंमत म्हणून दगड तर मुळीच मारू नका.

एवढे करूनही दात लागला तर? आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. पंधरा मिनिटे, बरं का! चुना, तिखट, हळद काही भरू नका. मंत्र-गंड्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कुत्रे पाळीव असो की मोकाट, नुसता ओरखडा असो की खोल चावा, डॉक्टरांना दाखवायचेच. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात ही धास्ती आता सोडा. त्या जुन्या लशीचे उत्पादन आपल्या देशात 2004 सालीच थांबले. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात. पहिली सुई त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या अशी 28व्या दिवसापर्यंत. रक्त आले असेल, तर जखमेत वेगळे औषधही सोडतात. कुत्रे धडधाकट दिसते म्हणून किंवा शेतीची घाई आहे म्हणून एकही तारीख स्वतःच्या मनाने चुकवू नका. 1885 साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवले, तेव्हापासून हा उपाय माणसाच्या हाती आहे. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून आई-बापांना आणि गुरुजींना एक सांगणे. पुष्कळदा मूल माराच्या भीतीने चावा लपवते. "कुत्र्याच्या वाटेला गेलासच कशाला?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. जखम धुवा.

आणि ती मुलगी? गुरुजींनी मालकाशी वाद घातला नाही. "उद्या शाळेच्या वेळी बांधावर उभे राहा," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मालकाने पाहिले, की चपला हातात धरून, परकर वर खोचून, एक एवढीशी पोर आपल्या वस्तीकडे बघत बघत ओढा उतरते आहे. त्याच संध्याकाळी कुत्र्याला दावे लागले.

मंडळी, उद्या सकाळी तुम्हीही जरा आपल्या बांधावर उभे राहून पाहा.